उणे बावीस

केमी बंदरातला तो डबा, बुटाच्या खोक्याएवढा,
कडाक्याच्या थंडीत दर अकरा-बारा दिवसांनी मरायचा.
कुणीतरी जाऊन बटण दाबायचं. परत जिवंत.
दोन हिवाळे असेच गेले.
उन्हाळ्यात मात्र ठणठणीत.
"सुट्टी मानवते त्याला," ताइस्तो म्हणायचा, बंदराचा वायरमन,
आणि थर्मासच्या झाकणात कॉफी ओतायचा.

सिर्कू ओउलूहून आली
लॅपटॉप आणि लोकरी मोज्यांचे दोन जोड घेऊन.
आधी काहीच केलं नाही तिने. मोजत बसली.
तासाभरात मागितलेले बफर: चार लाख बारा हजार सहाशे नऊ.
परत केलेले: एकोणचाळीस कमी.
बत्तीस मेगाबाइटचा जीव,
त्यातून तासाला एकोणचाळीस घास.
चोर नव्हता. घरातल्या घरातच सांडत होतं.

काही रात्री फरक शून्य.
तिने त्या आकड्यांशेजारी हवामानाचे आकडे लावले
आणि मोजे चढवून म्हणाली, "खांब दाखव."

खांबावरचा जोड उणे बावीसला आखडायचा,
केसभर. तेवढ्याने
पॅकेटं फुटून यायची.

बाकीचं कोडमध्ये होतं.
कुणी येणार म्हणून ड्रायव्हर आधीच पान मांडून ठेवतो.
आलेलं धड असलं तर आत,
जेवून उठलं की पान उचलायचं.
चेकसम चुकला तर दारातूनच परत.
बरोबरच आहे.
आणि मांडलेलं पान?

सहाशे अठरावी ओळ: रिटर्न.
पानाकडे न बघता सरळ बाहेर.
लिहिणारा कच्चा नव्हता, बाकी सगळं नेटकं.
वर तारीख होती जूनची.
जूनमध्ये कुणाला सुचतात फुटके पाहुणे?

एक ओळ घातली तिने, रिटर्नच्या आधी.
ताइस्तो पाना घेऊन निघाला होता.
"जोड आजची रात्र तसाच राहू दे."
"उद्या बदलला की तुझ्या ओळीला काम काय?"
"तू बदललेलाही कधीतरी आखडेल."

रात्री पारा उणे सव्वीस.
बर्फ फोडणारं जहाज दूर कुठेतरी दातओठ खात होतं.
फुटकी येत राहिली, दारातून परत जात राहिली.
चार वाजता तिने वजाबाकी केली. मग पुन्हा केली.
शून्य.

ताइस्तो खुर्चीतच घोरत होता. उठवावं वाटलं,
नाही उठवलं.
झाकणातली कॉफी गारढोण झालेली,
ती पिऊन टाकली,
झाकण पुसलं
आणि त्याच्या थर्मासवर परत फिरवून बसवलं.