समुद्राखालचं गाव

वाउटर द्राक्षांच्या हंगामात येतो,
सायखेड्याच्या पॅकहाउसात पट्टे बदलायला.
जेवणाच्या सुट्टीत फोनवर आपलं गाव दाखवतो:
चौकात चारशे वर्षांचं वजनघर,
विटांची वेस, भोवती पाच-सहा खेडी,
काळ्या-पांढऱ्या गाई,
आणि सगळं समुद्राच्या पातळीखाली.

“मग बुडत कसं नाही?” ठकूबाई.
“पंप,” तो मोडक्या हिंदीत सांगतो,
“आधी पवनचक्क्या. रात्रीसुद्धा कोणी झोपायचं नाही.”

ठकूबाईला चांदोरीची देवळं आठवतात,
गोदावरीच्या पोटातली,
एखाद्या कोरड्या सालीच वर येणारी,
नंदीच्या पाठीवर वाळलेलं शेवाळ.

“आमचे देव पाणी उपसत नाहीत,” ती म्हणते,
“खाली बसून राहतात.”

वाउटर पाना पुसतो.
पाणी उतरलं की फोन कर, म्हणतो.
ती बोटांवर मोजते:
माघ, फाल्गुन, चैत…