खळ

पहाटे साडेपाचला भरडलेल्या सातूवर गरम पाणी सोडते.
पातेलं एका माणसाच्या उंचीचं,
आत सदुसष्ट अंश राहायला हवेत,
वर गेलं की डेल ओरडायचा,
"साखर हवीय मला, लापशी नकोय!"

मोंडकरकाका दारावर वॉचमन.
पहिल्या दिवशी टोपी काढून आत आले,
नाक वर करून थोडा वेळ उभे राहिले.
"मॅडम, हा आमचाच वास.
ह्याच शेडमध्ये, तुमची ती टाकी आहे ना, तिथं
बावीस वर्षं सुतासाठी खळ शिजवली मी.
आमच्यात चरबी पडायची, एवढाच फरक."

टाकी माझी नाही तशी.
डेल हॉफमनची, ओरेगॉनची,
पोटाला पोचा, दारावर अर्धवट खरवडलेलं स्टिकर:
सॅल्मन मासा, चष्मा घातलेला.
तिच्याखाली मी तीन वर्षं फरशी धुतली.
बिअर करणं म्हणजे फरशी धुणं,
हे मला कुठल्या कॉलेजनं सांगितलं नव्हतं.

डेल सांगायचा, आजोबांची ब्रुअरी होती,
देशभर दारूबंदी आली तेव्हा
ते मॉल्टच्या काकवीचे डबे विकायला लागले.
डब्यावर ठळक अक्षरांत इशारा:
यात यीस्ट घालू नये,
उबदार जागी आठवडाभर ठेवू नये,
नाहीतर बिअर होईल.
गाव इशारा नीट वाचायचं.

मी त्याला माझ्या परवान्याचा फोटो पाठवला,
'आरोग्य राखण्यासाठी' मद्य बाळगण्याची मुभा,
खाली शिक्का.
तो हसत हसत खोकायला लागला,
म्हणाला, फ्रेम कर, आजोबांच्या डब्याशेजारी लावू.

काकांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत.
"माझा बाप सायकलची ट्यूब कमरेला गुंडाळून
शिवडीहून चालत यायचा.
उन्हाळ्यातसुद्धा कोट."

बंदी उठली आणि मोठे कारखाने आणखी मोठे झाले,
मका घाल, तांदूळ घाल, पातळ कर, थंड कर,
इतकं थंड की चव विचारूच नये.
डेल गॅरेजमध्ये चोरून बनवायचा, बाथटबमध्ये बादल्या,
घरी बिअर करणं गुन्हा होता तोवर.
अठ्ठ्याहत्तर साली कायदा बदलला
आणि त्याच्यासारखे शंभर, मग हजार,
दाढ्या वाढवून गावोगावी बाहेर पडले.
हॉप्स ओतले, मूठ मूठ, मग पोतं पोतं,
सालीसकट पपनस चावल्यासारखा कडवटपणा.
आणि नाव काय, तर इंडिया पेल एल.
"तुमच्याकडे पितात ना ही?" त्यानं मला विचारलं होतं.
गोऱ्यांची पिंपं कधीकाळी आमच्या बंदरात उतरायची, म्हटलं,
आम्हाला हमालीच तेवढी मिळाली.

गेल्या वर्षी फोन आला.
पोरं आता बिअर पीत नाहीत, म्हणाला,
ज्यांनी पैसा लावला होता त्यांनी काढून घेतला,
टाक्या हव्यात तर सांग, भंगारवाला शुक्रवारी येतोय.
न्हावाशेवाला सोडवून आणायला सतरा दिवस लागले,
कस्टमवाल्यानं झाकण उघडून आत डोकं घातलं
आणि "रिकामी आहे" असं लिहून दिलं.

"आमचे मागही असेच गेले," काका म्हणाले,
"भिवंडीला. कुणाच्या तरी पडवीत
अजून खटखटतायत म्हणे.
मी बघायला गेलो नाही."

सात वाजता तबेल्याचा टेम्पो येईल कालचा चोथा न्यायला.
साडेसहाला काका आत येतात,
प्यायचं नाही, साखरेचा आजार आहे,
पण पातेल्यातला एक थेंब घेतात
अंगठा आणि तर्जनी यांच्यात,
चिमूट मिटतात, उघडतात,
मिटतात, उघडतात.
"अजून खळ आहे. पाच मिनिटं."

मी घड्याळाकडे पाहते, माझ्या हिशेबानं झालंय.
तरी पांढऱ्या बशीत चमचाभर घेते
आणि आयोडीन टाकते वरून.

निळं.