दांडा

गणाजी नन्नावरेंचा उजवा डोळा आत गेलाय
हे आधी आधारवाल्या पोराच्या मशीनला कळलं.
"काका, सरळ पाहा."
"सरळच पायतो ना बे."
"नाही, सरळ."
तिसऱ्यांदा ते हसले. मी रांगेत मागेच होते.

तेव्हा गाल सुजला होता. हळद-चुना लावला,
आठ दिवसांत सूज उतरली.
फक्त नाक शिंकरलं की पापणी फुग्यासारखी फुगायची.
पोट्टे म्हणायचे, काका, अजून एकदा.
ते शिंकरायचे.

मग काहीच नाही. वर्षानुवर्षं काहीच नाही.
पाने, रॉड, चामड्याचे वायसर सायकलला बांधून
चौतीस गावांचं पाणी वर काढत फिरले.
ओठाची एक बाजू बधिर,
मिशीवर माशी बसली तरी पत्ता नसायचा.
एका चैत्रात म्हणाले, यंदा मोहाले वासच नाही.
नंतर वास आला, कुजका, फक्त त्यांनाच.
उंदीर मेला म्हणून दोनदा माळा रिकामा केला.

शिमग्यापासून वर पाहिलं की हापशीचे दांडे दोन.
"खोटा कोणता ते समजते," म्हणाले,
"खोटा करकरत नाही."

नागपूरला, मेडिकलमध्ये,
डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला.
डोळ्याखालचं हाड कागदाएवढं,
तेव्हाच तडकलेलं, केसाकेसानं बसत गेलेलं.
त्याखालची पोकळी तुंबलेली, आत पू.
गणाजी मान हलवत राहिले.
"म्हंजे केसिंग बसलं. आन् तळाले गाळ."
बाई हसल्या नाहीत. "हो. तसंच."

"मार कधी लागला?"
"लागला असन कुठंतरी. आमच्या कामात—"
"सतरा वर्षं झाली," मी म्हटलं.
"बुधवार होता. शाळेसमोरची हापशी.
ते वाकून नट काढत होते. मला म्हणाले,
दाबून धर पोरी, सोडू नको.
शाळेची घंटा झाली.
मी सोडला."

मी आशा. माझं काम नुसतं फॉर्म भरायचं,
एसटीची तिकिटं जपून ठेवायचं.
बाईंचा पेन थांबला, पुन्हा चालू लागला.
कागदावर दांडा आला. माझं नाव आलं नाही.

"हिले काय मालूम," गणाजी म्हणाले,
"हे तवा एवढीशी होती."
हात कमरेइतका धरून दाखवला
आणि माझ्याकडे पाहिलं,
कोणत्या डोळ्यानं
सांगता येत नाही.