रोशनीघरची वही

बाबा, जरा टॉर्च धरा, ऋजुता म्हणाली.
लश्करातली मे महिन्याची दुपार, तीन वाजलेले,
गल्लीतलं कुत्रं नालीच्या ओल्या कडेला पोट टेकून पडलेलं,
आणि ही कॉम्प्युटरचं झाकण उघडून बसलेली.

आतून धूळ निघाली, किल्ल्याच्या दगडाच्या रंगाची.
पंख्याच्या पात्यांवर, पत्र्यांच्या फटींत
गोधडीसारखी बसलेली.
मी रंगाचा दोन इंची ब्रश दिला,
म्हटलं, पात्याला बोट लावून ठेव, गरगरू देऊ नकोस.

चिपवरची जुनी पेस्ट खडू झालेली.
तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली
जसा तिची आई हिचा फुटलेला गुडघा पुसायची,
वर फुंकर, गरज नसताना.
नवी लावली मसुराच्या दाण्याएवढी.
एवढीशी?
एवढीच. धातू गुळगुळीत दिसतो, असतो खडबडीत.
मधल्या हवेला हाकलायचं, बस.

मग स्क्रू. तिरके, समोरासमोरचे, थोडे थोडे.
हे मला कोणी सांगायला नको.
बत्तीस वर्षं रोशनीघरात
ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट मी असेच आवळलेत.

आता वेग वाढवते, म्हणाली.
कंपनीनं बेचाळीसवर बांधलाय,
माल सत्तेचाळीसचा आहे.

हे वाक्य मी ओळखत होतो.
ब्याण्णवचा जून, लग्नसराई,
साहेब म्हणाले होते, महुरकर, प्लेटवरचं सोडा,
माल मजबूत आहे.
मी वहीत तेलाचं तापमान लिहीत होतो.
अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव.
पुढच्या ओळीत फक्त वेळ आहे, आकडा नाही.
भगीरथ कुशवाह त्यानंतर चहाची कपबशी
दोन मनगटांमध्ये धरायचा.

माळ्यावरून वही काढली. अर्धी कोरी होती.
तिच्यासमोर ठेवली.
एका वेळी एक पायरी. मग अर्धा तास पूर्ण लोड.
मग आकडा. मगच दुसरी.
आणि व्होल्टेजला हात लावायचा असेल
तर आधी मला उठव.
हसली. पण पेन घेतलं.

त्रेचाळीस: एकाहत्तर अंश.
चव्वेचाळीस: चौऱ्याहत्तर.
पंचेचाळीस: अठ्ठ्याहत्तर. मध्ये वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून.
बारानंतर लू पडली, गच्चीचं दार उघडलं,
दोघांनी खरबूज खाल्लं, बिया वर्तमानपत्रावर.
सेहेचाळीस: त्र्याऐंशी. अर्धा तास. तग धरला.
सत्तेचाळीसला पडदा निळा झाला.

माझा हात नकळत भिंतीवरच्या मेन स्विचकडे.
बाबा, काही नाही जळलं.
झेपलं नाही, म्हणून थांबलं. आता मागे येऊ.
मी खुर्चीत बसलो.
आमच्या यंत्रांना
नाही म्हणता येत नव्हतं.

तिनं पंचेचाळीस लावलं.
सेहेचाळीस चालत होतं की, मीच म्हणालो,
मी! बत्तीस वर्षांचा मी!
चालत होतं, म्हणाली, रात्री दोन वाजता, दार उघडं ठेवून.
दुपारी तीनला हीच खोली बेचाळीस असेल.
मग तो उंट कोण पुरा करणार?

उंट एका जाहिरातीतला. सिमेंटच्या.
तो वाळूत चाळीस पावलं चालतो
आणि त्याचा एकेक केस मोजायला
या डब्याला अकरा तास लागत.
आता सव्वादहा.
पाऊण तासासाठी एवढा जागर,
मी बोललो नाही. पाऊण तासाची किंमत
मला तरी कुठे काढता आली.

पहाटे ती झोपल्यावर चष्मा लावून वही पाहिली.
पंख्याचा आवाज एकसारखा, दमलेला नाही.
माझ्या अर्ध्या राहिलेल्या ओळीखाली
तिनं एक ओळ मोकळी सोडली होती,
मग तारीख घालून
आपलं सुरू केलं होतं.