नसलेलं दार

कुतैसीत, शाळेच्या व्यायामशाळेत आमचा नाटकाचा तास.
रंगमंच म्हणजे तीन गाद्या आणि खडूची एक रेघ:
पलीकडे घर, अलीकडे हिवाळा.

त्सिआला बाई म्हणाल्या, दार उघडून आत या.
दार नव्हतंच.
बेका थेट भिंतीतून आला, भुतासारखा,
आम्ही हसून लोळलो.
मारेखनं दार उघडलं, लावायला विसरली.
"आता रात्रभर गारठू सगळे," बाई म्हणाल्या
आणि खरंच शालीत शिरल्या.

माझी पाळी.
मूठ धरायला हात गेला तो कपाळाशी.
"इतकी वर? वय काय तुझं?"
सोळा.
"तुझं नाही. हाताचं."

आता काय सांगू.
आम्ही जुन्या आरोग्यधामात राहायचो,
एका खोलीत पाच जण.
मूठ पितळेची, सैल,
बोटांना दिवसभर तिचा वास.
बाबा रात्री उशिरा यायचे
आणि सगळ्यांच्या आधी मी धावायची.
एका रात्री धावले, तर दाराबाहेर शेजारीण.

मी नुसतं म्हटलं, सहा.
"मग सहाच राहू दे. पुन्हा."

अकराव्या खेपेला मूठ करकरली.
बेका म्हणतो, खुर्ची सरकली होती.

आईला वाटतं शाळेत रडायला शिकवतात.
दाखव ना, म्हणते.
मी स्वयंपाकघराबाहेर जाते,
हात वर नेते,
दार उघडून आत येते.

ती माझ्या हाताकडे बघत राहते.
मग उगाचच
कांदे चिरायला घेते.