साक्षीदार

बाबल तांडेल तळाशीलच्या पोस्टात आला
तेव्हा मी थैलीच्या गाठीवर लाख ओतत होते.
त्याने सदऱ्याच्या आतून स्टॅम्पपेपर काढला,
मालवणच्या बेकरीच्या पिशवीत गुंडाळलेला.
आत टोस्टचा चुरा.

"तुझी सही होई गो, बाय. दोन साक्षीदार लागतत.
एक पावलू. दुसरा कोण आसा गावात शुद्धीवर?"

वाचलं.
नाकात नळी नको. श्वासाचं यंत्र नको.
शुद्ध गेली तर हलवू नये, घरीच ठेवावं.
आणि वकिलाच्या टायपिंगखाली, त्याच्याच वाकड्या अक्षरात:
शनवारी मेलंय तर झिलाक सोमवारी कळवा,
तेका एकच सुट्टी गावता.

ह्या माणसाने चाळीस वर्षं रापण राखली.
साठ माणसं दोराला हात लावून वाळूत उभी,
बायका टोपल्या घेऊन, पोरं उगाच,
आणि हा गप्प. पाण्याचा रंग बघत.
कुणी खोकलं तरी वळून बघायचा.
मग नुसता हात वर.
आताच का, असं कुणी विचारलं नाही कधी.

मी विचारलं.
आताच का? दुखतं कुठे?

"दुखूक कशाक होया?
दुखूक लागल्यार सही करूक हात खंय ऱ्हवतत?"

म्हटलं, पेनातली शाई संपली.
पोस्टात.
तो हसलासुद्धा नाही, बाकावर बसला.

आईला मी ओरोसला एकोणीस दिवस ठेवलं होतं.
ती नळी उपसायची,
म्हणून सिस्टरने गॉजच्या पट्टीने
तिचे हात खाटेच्या दांड्याला बांधले.
गाठ सैल होती. सिस्टर गेल्यावर
घट्ट मी केली.
गावात म्हणतात, लेकीने सेवा केली हो.

पण सत्यवती कांदळकरणीचं काय?
तिची सून रोज रात्री गोळ्या मोजते,
मोठ्याने, प्रत्येकीची किंमत सांगत.
हाच कागद तिच्यासमोर ठेवला
तर तीही करील अंगठा, पदर सावरून, आनंदाने,
आणि तो तिच्या मनाचा
की पाकिटावर छापलेल्या आकड्याचा,
हे कुठल्या वकिलाला कळणार?
आज ज्याला हक्क म्हणायचं
ते उद्या ओटीवरचं आडून बोलणं होईल:
अमक्याच्या म्हाताऱ्याने केली बाई सही,
तुमचे अजून...

हे सगळं मी बाबलला सांगणार होते.
तेवढ्यात बाहेर बांगडेवाली आली.
तो कागद तसाच टाकून उठला.
"शंभराचे पाच? लुटतंस काय गो माका?"
सहावा टोपलीतून बाहेर येईपर्यंत
तो जागचा हलला नाही.

परत आला तो ओल्या हातांनी.
स्टॅम्पपेपरच्या कोपऱ्यावर एक खवला चिकटला.
मी तो नखाने काढला.
सही केली. तारीख घातली.
पुढे छापलंच होतं: साक्षीदार क्रमांक दोन.

कशाची साक्षीदार?
इच्छा काही मला दिसली नाही.
हात दिसला, न थरथरणारा,
आणि पिशवीतले सहा बांगडे,
घरात जेवायला एकटा माणूस.

एक प्रत माझ्या खणात आहे,
पत्ता न सापडलेल्या पत्रांच्या खाली.
गेल्या आषाढात समुद्राने कुंपण नेलं,
दोन माड नेले.
तिसरा मुळं उघडी टाकून कलला आहे;
त्यालाही यंदा पेंड आली, तोडायची कुणी ठरवत नाही.

दर सोमवारी बाबल येतो.
"आसा मां कागद?"
आसा.
मग तो दारात थांबतो,
खाडीकडे पाठ, समुद्राकडे तोंड,
डोळे बारीक करून बघत राहतो पाणी.
मी शिक्का मारता मारता
त्याच्या हाताकडे बघते.
अजून खालीच आहे.