पेवाचं तोंड

इंजिनिअर पोरगा टेप उलगडतो, दुसरं टोक मी धरते.
दर्शनी बाजू बावीस फूट चार इंच.
चार इंच पण लिही, मी म्हणते.
त्या चार इंचांसाठी आमचे पणजोबा जिनाप्पा मगदूम
शेजारच्या बसाप्पा आवटींशी अकरा वर्षं कोर्टात भांडले,
आणि तारखेला दोघं हरिपुरातून सांगलीला
एकाच बैलगाडीनं गेले.

जोतं काळ्या दगडाचं, छातीएवढं.
सात पायऱ्या. खालच्या तीन कृष्णेच्या, असं घरात म्हणत.
पाणी चौथीला लागलं की पोती माडीवर,
सहावीला लागलं की माणसं.
दोन हजार पाचला सातही गेल्या.
एकोणीसला कुणी मोजलंच नाही;
माडीच्या तुळईवर गाळाची रेघ आहे,
तिथवर टेप पोचत नाही.

स्वयंपाकघर पश्चिमेला.
पोरगा म्हणतो, वास्तूला हे बरोबर नाही काकू.
अरे, दिवस मावळायच्या आत जेवणारं घर हे.
शेवटचा उजेड ताटात पडावा
म्हणून खिडकी इतकी खाली पाडली,
चुलीपुढच्या बाईच्या खांद्यावरून
ऊन थेट पाटावर यायचं.
त्या बाईचं नाव कुठंच लिहिलेलं नाही.
उताऱ्यावर जिनाप्पा, आदगोंडा, भूपाल,
मग माझा भाऊ शांतिनाथ.
मध्यंतरी कायद्यानं माझंही आलं.
ते काढायला उद्या मी सही करणार आहे.
हक्कसोडपत्र टाईप होऊन आलंय,
पान दोनवर माझं वय चुकलंय.

शेवटी परसदार.
मोकळी जागा, पोरगा लिहितो.
मी चपलेनं माती सारते.
फरशी लागते, कडेला गंजकी कडी.

वर दिसतंय त्याहून हे घर खाली जास्त आहे.
पंचवीस फूट. तोंड एका माणसापुरतं,
आत पोट सुटलेलं, रांजणासारखं.
भिंतींना उसाचा पाला, वरून माती लिंपलेली,
दोनशे पोती हळद अंधारात बसून
तीन तीन वर्षं भावाची वाट बघायची.
घरातल्या सगळ्या लग्नांचा पैसा इथनं वर आला.
माझ्याही.

बाळगोंडाकाकाही इथनंच वर आला.
एकोणीस वर्षांचा.
पेव उघडलं की आधी दोरानं कंदील सोडायचा,
विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.
कंदील विझला होता.
तेल संपलं असेल, तो म्हणाला.
भाव चढला होता, गाडी दारात उभी होती.

नंतर आजोबांनी परसाच्या भिंतीत कोनाडा केला,
बरोबर कंदिलाएवढा.
आणि घरात कुणी घाईनं काही ठरवायला लागलं,
शेताचा सौदा, गिरणीची भागी,
की आई वाढता वाढता विचारायची,
कंदील सोडला का खाली?
माझं स्थळ आलं तेव्हा
तिनं दोनदा विचारलं होतं.

आम्ही दोघं फरशी सरकवतो.
आधी दमट गाळाचा वास,
मग त्याच्या मागून, उशिरानं, हळदीचा.
कोनाडा रिकामा. कंदील एकोणीसच्या पाण्यात गेला.
पोरगा टेपच्या टोकाला रुमालानं मोबाइल बांधतो,
दिवा लावतो, खाली सोडतो.
आठ फूट. बारा. सतरा, तिथं गाळ.
पिवळ्या भिंतीवरून उजेड उतरत गेला,
एकदाही थरथरला नाही.

बघा काकू, विझला नाही.

हा विझत नाही रे, मी म्हणते.
हा कुठंच विझत नाही.

घरात शिरताना शांतिनाथ कागद घेऊन उभा होता.
मी त्याला विचारलं,
रॉकेल मिळतं का रे अजून कुठं?